अडीचशे वर्षांपूर्वीचा सदरा कसा काढावा

अठराव्या शतकातला अमेरिकन शिकारी आणि वाटाड्या डॅनियल बून, त्याचं चित्र काढायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा पहिलं स्केच मी वीस मिनिटांत हातावेगळं केलं. डोक्यावर रकून या अमेरिकन रानटी प्राण्याच्या कातड्याची, मागे पट्टेरी शेपूट लोंबणारी टोपी. अंगात हरणाच्या चामड्याचा पिवळट अंगरखा, बाह्यांना चामड्याच्या झालरी. मागे करड्या पडलेल्या ओंडक्यांची झोपडी, आणि लांब टेकडीवर पिसांचा मोठा मुकुट घातलेला घोडेस्वार. 'अमेरिकन फ्रंटियर' म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे जे येतं ते सगळं एका कागदावर. मग वाचायला बसले. महिन्याभरानं त्या स्केचमधली फक्त बंदूक शिल्लक राहिली होती, आणि तीही दुरुस्त करावी लागली. मी काढली होती टोपीची बंदूक, म्हणजे धातूच्या छोट्या टोपीवर ठोका पडून बार उडणारी, ती आली १८२०च्या पुढे. बूनच्या हातात हवी होती चकमकीची, म्हणजे बंदुकीच्या घोड्याच्या तोंडात गारगोटीचा तुकडा धरलेली.

आधी फ्रंटियर या शब्दाचा घोळ निस्तरायला हवा, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. फ्रंटियर ही नकाशावरची ठरलेली रेघ नव्हे. युरोपातून आलेल्यांची वस्ती जिथे विरळ होत जाते तो पट्टा म्हणजे फ्रंटियर, आणि हा पट्टा दर पिढीला पश्चिमेकडे सरकत गेला. बूनच्या वेळी तो अ‍ॅपलेशियन डोंगररांगेपाशी होता. डोंगराच्या पलीकडे वसाहत करू नये असा जाहीरनामा ब्रिटिश राजानं १७६३मध्ये काढला होता, पण तो मानायला फारसं कुणी तयार नव्हतं. १७७५मध्ये बूननं तीसेक माणसं बरोबर घेऊन कंबरलँडच्या खिंडीतून वाट पाडली आणि केंटकी नदीच्या काठी बून्सबरोची गढी उभी केली. हा मुलूख मोकळा पडलेला नव्हता. शॉनी आणि चेरोकी या मूळच्या जमातींचे लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या शिकार करत होते.

आपल्या मनातलं चित्र मात्र बहुतेक वेळा काउबॉयचं असतं, आणि ते शंभर वर्षं पुढचं आहे. रुंद काठाची ती स्टेटसन हॅट १८६५ची, खिशांना तांब्याचे रिवेट मारलेल्या पँटचं पेटंट १८७३चं, काटेरी तारेचं १८७४चं. सवाई माधवराव रांगत होता तेव्हा बून केंटकीत वाट पाडत होता. पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला त्याच वर्षी रिवेटवाल्या पँटचं पेटंट निघालं. या दोन काळांतले कपडे एका चित्रात टाकले, तर काय होतं ते आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. टीव्हीवरचे पेशवे आपण बघितलेत.

चित्रकाराची खरी अडचण लेखकाला नसते. 'बूननं टोपी डोक्यावर चढवली आणि तो निघाला' असं लिहून लेखक मोकळा होतो. मला त्या टोपीचा काठ किती रुंद, तो सरळ की वळवलेला, घामाचा डाग कुठे, हे सगळं ठरवावंच लागतं. कागदाचा एकही इंच 'माहीत नाही' म्हणून कोरा सोडता येत नाही. (खरं सांगायचं तर येतो. पाय गवतात लपवता येतात, माणूस पाठमोरा करता येतो, मध्ये धूर आणता येतो. ऐतिहासिक चित्रांत एवढं उंच गवत का असतं, हे मला या कामात कळलं.)

मग शोधायचं कुठे? पहिला विचार संग्रहालयाचा येतो, आणि तो काही अंशी फसवा आहे. शंभर-दोनशे वर्षं टिकतात ते कपडे कुणाचे? लग्नाचे, दरबाराचे, रेशमाचे, जपून ठेवलेले. रोजचा सदरा विरेपर्यंत वापरला जायचा, मग त्याचा मुलाला अंगरखा व्हायचा, मग ठिगळं, मग गोधडी, आणि शेवटी उरलेल्या चिंध्या कागदाच्या गिरणीत. त्या काळी कागद चिंध्यांचाच बनायचा. म्हणजे गरिबाचा सदरा नाहीसा झाला आणि त्याच्याच कागदावर श्रीमंताचं चरित्र छापलं गेलं, असंही होऊ शकतं. 'जुन्या काळी माणसं फार बुटकी होती' या समजुतीचं एक मूळही इथेच आहे. मोठ्या मापाचा कपडा उसवून पुन्हा कुणाच्या तरी उपयोगी पडायचा, छोट्याचं काही करता यायचं नाही, म्हणून छोटाच संग्रहालयात पोचला.

जमीनसुद्धा निवड करते. १८५६मध्ये 'अरेबिया' नावाची आगबोट मिसुरी नदीत बुडाली. पश्चिमेकडच्या दुकानांसाठी निघालेला माल तिच्यात भरलेला होता. नदीनं नंतर पात्र बदललं आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस ती बोट एका शेताखाली ४५ फुटांवर सापडली. बूट निघाले, लोकरी कोट निघाले, बटणं निघाली. सुती कपडा मात्र नाही. कोटांची शिवणसुद्धा सुती दोऱ्याची होती, ती विरून गेल्यामुळे तुकडे सुटे झाले होते, ते पुन्हा शिवावे लागले. कारण साधं आहे. सूत आणि लिनन हे वनस्पतीचे धागे, ओल्या चिखलात कुजतात. लोकर, रेशीम, चामडं ही प्राण्यांची देणगी, हवा न लागता चिखलात ती बराच काळ टिकतात. म्हणजे फक्त उत्खननावर विसंबलं, तर ज्या लिननच्या सदऱ्यात तो काळ वावरला, नेमका तोच आपल्या हाती लागत नाही.

मला सगळ्यात भरवशाची वाटली ती अशी माणसं, ज्यांना इतिहास सांगायचाच नव्हता. व्हर्जिनिया आणि पेनसिल्व्हेनियातल्या तेव्हाच्या वर्तमानपत्रांत पळून गेलेल्या गुलामांच्या आणि करारानं बांधलेल्या नोकरांच्या जाहिराती छापून येत. मालकाला माणूस परत हवा असे, म्हणून तो वर्णन अगदी नेमकं करी. सदरा कोणत्या कापडाचा, गुडघ्याला ठिगळ कसलं, बटणं कोणती, बरोबर आणखी कोणाचा कोट चोरून नेलाय. वाचताना अंगावर काटा येतो, कारण हे बारकावे एका माणसाला पकडून आणण्यासाठी लिहिलेत. पण सामान्य माणसाच्या अंगावर एखाद्या ठरावीक दिवशी काय होतं, याचा याहून जवळचा पुरावा नाही. त्यातून कळतं की 'ऑस्नाबर्ग' नावाचं जाडंभरडं, पांढरं न केलेलं लिनन जिथे तिथे होतं. जर्मनीतल्या ओस्नाब्र्युक गावावरून हे नाव पडलं.

दुसरा साक्षीदार म्हणजे दुकानदाराची उधारीची वही. कोणी किती यार्ड कापड नेलं, किती सुया, किती बटणं, हे त्यात तारखेनिशी सापडतं. तिसरा म्हणजे माणूस मेल्यावर देणी फेडण्यासाठी केलेली त्याच्या मालमत्तेची यादी. ही यादी मात्र सांभाळून वाचावी. ज्याला किंमत येणार नाही ते तिच्यात लिहिलेलं नसतं, आणि प्रेताच्या अंगावर काय गेलं तेही नाही.

या वह्यांनी माझा चामड्याचा अंगरखा उतरवला. बून आणि त्याच्यासारखे 'लाँग हंटर', म्हणजे महिनोन्‌महिने जंगलात राहणारे शिकारी, हरणं मारायचे ती मुख्यतः विकण्यासाठी. हरणाचं कमावलेलं कातडं इंग्लंडला जायचं, तिथे त्याच्या विजारी आणि हातमोजे व्हायचे. आज अमेरिकेत डॉलरला 'बक' म्हणतात, ते बहुधा हरणाच्या या कातड्यावरूनच. कातडी घालून फिरणं म्हणजे गल्ल्यातल्या नोटा अंगावर शिवून फिरण्यासारखं. १७६९च्या डिसेंबरात शॉनींनी बूनला पकडलं आणि त्यानं कित्येक महिन्यांत जमवलेली कातडी काढून घेतली. ती त्यांच्या रानातली होती, त्यामुळे त्यांच्या मते तो चोर होता. तर हा सगळा व्यवहार असा चालायचा: कातडं डोंगरावरून खाली उतरायचं, आणि कापड, दारूगोळा, मीठ वर चढायचं. म्हणून रानातल्या माणसाच्या अंगात कापड असायचं, आणि तेही बऱ्याचदा समुद्रापलीकडचं.

या समुद्रापलीकडे आपणही येतो. ब्रिटनमध्ये स्वतःच्या विणकरांना वाचवण्यासाठी १७०० आणि १७२१च्या कायद्यांनी भारतीय छापील सुती कापड वापरायला बंदी होती, पण तेच कापड लंडनहून वसाहतींना विकायला मोकळीक होती. त्यामुळे कालिकतवरून नाव पडलेलं 'कॅलिको', छींटीवरून आलेलं 'चिंट्झ' आणि बांधणीच्या शब्दावरून आलेला 'बँडाना' रुमाल, हे सगळं अमेरिकेतल्या दुकानांत पोचलं. काउबॉयच्या गळ्यातला ठिपक्यांचा लाल रुमाल बघून आता मला जामनगर आठवतं.

चामड्याऐवजी काय, याचं उत्तर जोसेफ डॉड्रिज नावाच्या धर्मोपदेशकानं देऊन ठेवलंय. त्याचा जन्म १७६९चा, लहानपण पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम टोकाला गेलं, आणि त्या दिवसांच्या आठवणी त्यानं १८२४मध्ये छापल्या. तो सांगतो की 'हंटिंग शर्ट' सगळेच घालायचे. मांडीच्या मध्यापर्यंत येणारा सैल डगला, पुढून उघडा, एवढा रुंद की पट्टा बांधल्यावर एक बाजू दुसरीवर फूटभर चढावी. खांद्यावर पडणारी मोठी कॉलर. आणि छातीशी जो झोळ तयार व्हायचा त्यात पाव, वाळवलेलं मांस, बंदुकीची नळी पुसायला जवसाच्या तुटक्या धाग्यांचा पुंजका असलं सगळं कोंबलेलं असायचं. आपल्याकडे ओच्यात शेंगा घेतात तसंच. पट्टा मागच्या बाजूला बांधलेला, उजवीकडे कुऱ्हाड, डावीकडे सुरा. माझ्यासाठी हे 'मागच्या बाजूला' सोन्यासारखं होतं, कारण मी पुढे छान पितळी बक्कल काढून बसले होते.

हा डगला बहुधा 'लिन्सी'चा असायचा, म्हणजे ताणा लिननचा आणि बाणा लोकरीचा, नाहीतर जाड्या लिननचा. काही थोडे हरणाच्या चामड्याचे, पण ते पावसाळी दिवसांत गारठवणारे आणि त्रासाचे, असं डॉड्रिज स्वच्छ म्हणतो. आणि झालर? ती कापडाच्याच कडेचे आडवे धागे उसवून केलेली, किंवा वेगळ्या रंगाची तशीच पट्टी लावलेली. शालीच्या पदराचे सुटलेले दोरे असतात ना, तशी दिसणारी. चामड्याच्या लांब पट्ट्यांची झालर माझ्या स्केचमध्ये सिनेमातून आली होती.

आठवणी चाळीस वर्षांनी लिहिलेल्या, म्हणून त्या इतर पुराव्यांशी ताडून बघाव्या लागतात. इथे ते जमतं. २४ जुलै १७७६च्या हुकमात जॉर्ज वॉशिंग्टननं ब्रिटिशांशी लढणाऱ्या आपल्या सैन्याला हाच डगला सुचवला. स्वस्त तर आहेच, शिवाय असा डगला दिसला की शत्रूला प्रत्येक जण पक्का नेमबाज वाटतो, हे त्याचं कारण. १७८१मध्ये फ्रेंच सैन्यातल्या द व्हर्जे नावाच्या अधिकाऱ्यानं यॉर्कटाउनच्या लढाईच्या सुमारास अमेरिकन सैनिकांची छोटी जलरंगातली चित्रं काढली, त्यातही झालरीचा डगला आहे. तीन माणसं, तिघांचे हेतू वेगळे, आणि कपडा एकच. असं जुळलं की मी पेन्सिलीऐवजी शाई घेते.

त्या द व्हर्जेच्या चित्रात एक काळा सैनिकही आहे, आणि त्यावरून मला माझ्या स्केचमधली दुसरी पोकळी दिसली. बूनच्या १७७५च्या तुकडीबरोबर गुलाम माणसंही होती. वाटेतल्या हल्ल्यात त्यातला एक मारलाही गेला. केंटकीच्या पहिल्या वर्षांत मंक एस्टिल हा गुलाम बंदुकीची दारू बनवण्यात वाकबगार होता, गढ्या तिच्यावर लढल्या. 'पहिले वसाहतकार' या नावाखालच्या चित्रांत मात्र सगळे चेहरे गोरे.

चित्रांचं बोलतोय तर बूनच्याच चित्रांबद्दल सांगते. त्याला समोर बसवून काढलेलं एकच व्यक्तिचित्र आहे, चेस्टर हार्डिंगचं, १८२०मधलं. तेव्हा बून पंच्याऐंशीचा होता आणि त्याच वर्षी वारला. सगळ्यात गाजलेलं चित्र मात्र जॉर्ज केलेब बिंगहॅमचं, कंबरलँडच्या खिंडीतून कुटुंबकबिला घेऊन येणारा बून. ते १८५१-५२चं, म्हणजे घटनेनंतर पाऊणशे वर्षांनी. पांढऱ्या घोड्यावरची त्याची बायको बघून चर्चमधल्या मेरीच्या चित्रांची आठवण येते, आणि ते बिंगहॅमला हवंच होतं. १८५० साली अमेरिकेला स्वतःबद्दल काय वाटत होतं, हे त्या चित्रातून उत्तम कळतं. १७७५ सालच्या शिवणीबद्दल त्याला विचारू नये.

टोपीचं काय झालं? बूनला रकूनची टोपी आवडत नसे, तो फेल्टची हॅट घाली, असं त्याच्या घरच्यांच्या आठवणी सांगतात. फरची टोपी कुणी घालतच नव्हतं असं नाही, थंडी थंडीच असते. पण ती रानाची खूण बनली ती लांबूनच. बेंजामिन फ्रँकलिन १७७६च्या अखेरीस पॅरिसला गेला तेव्हा फरची टोपी घालून वावरला. हा फिलाडेल्फियातला मुद्रक आणि मुत्सद्दी, पण फ्रेंच लोकांना तो साक्षात अरण्यातला ऋषी वाटला, आणि त्यानं तो गैरसमज खुशाल राहू दिला. १८३१मध्ये न्यू यॉर्कच्या रंगभूमीवर डेव्ही क्रॉकेट या शिकारी-पुढाऱ्यावर बेतलेलं एक पात्र रानमांजराच्या कातड्याची टोपी घालून आलं. आणि १९५०च्या दशकात एका टीव्ही मालिकेनं ती शेपूटवाली टोपी लाखो अमेरिकन पोरांच्या डोक्यावर बसवली. तिथून ती माझ्या स्केचमध्ये.

पिसांचा मुकुटवाला घोडेस्वार तर मी मुळापासून खोडला. तो भव्य मुकुट कित्येक शे मैल पश्चिमेच्या गवताळ मैदानांतल्या जमातींचा. ओहायोच्या खोऱ्यातला शॉनी पुरुष १७७५मध्ये कसा असेल? अंगात व्यापाऱ्याकडचा लिननचा किंवा छापील सुती सदरा, मोकळा सोडलेला. कमरेला लंगोट आणि मांड्यांपर्यंत लेगिंग, ते इंग्लंडातल्या स्ट्राउड गावच्या लोकरी कापडाचं. कानात चांदी, खांद्यावर घोंगडी. १७६२मध्ये चेरोकींचे प्रतिनिधी लंडनला गेले होते, तेव्हा जोशुआ रेनॉल्ड्ससारख्यांनी त्यांना समोर बसवून चित्रं काढली, ती बघितली की 'चामडं आणि पिसं' ही कल्पना गळून पडते. आणि हे लोक काही फक्त चित्रांत उरलेले नाहीत. चेरोकी आणि शॉनी राष्ट्रं आज ओक्लाहोमात आहेत, त्यांचे स्वतःचे इतिहासाचे विभाग आहेत. आपल्याबद्दल काय चुकीचं काढलं जातं, याचं त्यांचं उत्तर कुठल्याही ग्रंथालयापेक्षा जलद मिळतं.

उसनवारी दोन्हीकडून चालायची. सरहद्दीवरच्या गोऱ्या पोरांनी लंगोट-लेगिंगचा पोशाख उचलला. डॉड्रिज सांगतो की मांड्या उघड्या टाकून यातली काही पोरं क्वचित थेट प्रार्थनेलाही येऊन बसत, आणि त्यानं तरुण मुलींच्या भक्तीत काही भर पडत नसे.

बायकांचं चित्र काढताना सनबॉनेट नावाची ती कापडी टोपी आणि फुलाफुलांचा सुती झगा हातातून आपोआप उतरतो, पण तो पुढच्या शतकातला. कापूस स्वस्त झाला तो १७९३मध्ये सरकी काढायचं व्हिटनीचं यंत्र आल्यावर आणि नंतर गिरण्या वाढल्यावर. १७७०च्या दशकात बाईच्या अंगात आधी लिननची लांब शिफ्ट, म्हणजे आतला सैल झगा, तिच्यावर घागरे एकावर एक, वर आखूड अंगरखा, अ‍ॅप्रन, गळ्याभोवती रुमाल, डोक्यावर साधी टोपी. आणि हे कापड आकाशातून पडत नव्हतं. आपण ज्याची चटणी करतो त्या जवसाच्याच देठातून लिननचा धागा निघतो. तो पेरायचा, उपटायचा, कुजवायचा, झोडपायचा, विंचरायचा, कातायचा आणि मग विणायचा. केंटकीत पोचलेल्या पहिल्या कुटुंबांकडे जवसाचं पीक यायलाही वेळ नव्हता. तिथल्या बायकांनी रानातल्या नेटल नावाच्या, अंगाला लागली की आग होणाऱ्या झुडपाची साल सोलून तिचा ताणा केला आणि बायसनच्या केसांचा बाणा. बूनच्या नेमबाजीवर पानंच्या पानं आहेत. या कापडाचा एक हातरुमालभर तुकडा बघायला मिळाला असता तर मी ती सगळी दिली असती.

घरांबाबतची माझी चूक बघून स्वतःलाच हसू आलं. जुन्या ओंडक्यांच्या झोपड्यांचे फोटो समोर ठेवून मी करडी, भेगाळलेली लाकडं रंगवली होती. पण १७७५ साली ती झोपडी नवी होती! ओंडके नुकते तासलेले, फिकट पिवळे, सांध्यांत ओला चिखल, दारात ढलप्यांचा खच. भोवती हिरवळ नाही, तर झाडांचे बुंधे, आणि साल सोलून उभीच्या उभी मारलेली झाडं, त्यांच्या मधून मका. खिडकीला काच नसून तेलकट कागद. जुनी गोष्ट जुनी दिसलीच पाहिजे असा आपला हट्ट असतो.

एवढं झाल्यावरही कापड अंगावर कसं पडतं ते कळेना. शेवटी आमच्या कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून जाड्या मांजरपाटाचा तसा डगला शिवून घेतला. सगळे चौकोन आणि आयत, बगलेत चौकोनी तुकडा, कापडाची चिंधीही वाया नाही. शिंपी म्हणाला, "ताई, हे पोत्याला बाह्या लावल्यासारखं होतंय." अगदी तसंच व्हायला हवं होतं. भाच्याला तो घालून पट्टा मागून बांधायला लावला, छातीशी बटाटे भरले आणि पळवलं. सुती कापडाला लिननची कडक चुणी येत नाही, ते सोडा. पण वजन कुठे लोंबतं ते दिसलं.

शेवटचं चित्र फेब्रुवारी १७७८चं झालं. बूनची माणसं ब्लू लिक्सच्या खाऱ्या झऱ्यांवर मोठमोठ्या कढयांत पाणी आटवून मीठ काढत होती, आणि तो त्यांच्यासाठी मांस आणायला गेलेला. हिमवर्षावात शॉनींनी त्याला गाठलं त्याच्या जरा आधीचा क्षण. घोड्यावर बायसनचं मांस, डोक्यावर काठ ओला होऊन खाली झुकलेली फेल्ट हॅट, लिन्सीचा डगला, पायात मोकॅसिन, म्हणजे मऊ चामड्याचे जोडे, आत कोंबलेले हरणाचे केस शिवणीतून बाहेर आलेले. डॉड्रिजच्या म्हणण्याप्रमाणे ओल्या हवेत मोकॅसिन घालणं म्हणजे सभ्यपणे अनवाणी चालणं. म्हणून या वेळी पाय गवतात लपवले नाहीत.

चित्र पाठवलं. दोन दिवसांनी निरोप आला: छान झालंय, पण हा बून वाटत नाही, ती शेपटीची टोपी कुठे गेली? मी उजव्या कोपऱ्यातल्या झाडाला एक ढोली काढली. थंडीत रकून बहुतेक वेळ ढोलीतच झोपून काढतो. ढोलीच्या तोंडाशी पट्टेरी शेपटीचं टोक तेवढं दिसू दिलं.